हिमालयात जाताना कापूस घरी ठेवा!

आमचा परभणी जिल्हा काळ्या मातीचा आणि पांढऱ्या कापसाचा. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांना टेकतो, तेव्हा अंगावर सुती साडी आणि डोक्यावर सुती पदर याखेरीज दुसरं काही सोसवत नाही. आमच्या बोरीसारख्या गावात थंडीचे कपडे म्हणजे एक स्वेटर, एक मफलर आणि आजीच्या हातची गोधडी. मग अशा घरातल्या लेकीनं एके दिवशी सांगितलं, "आई, मला हिमालयात गिर्यारोहणाला जायचंय," तर आईनं तिच्या सामानात भरायचं तरी काय?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही, बरं का! पुण्याची कृष्णा पाटील २००९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३ मध्ये एव्हरेस्ट चढली आणि २०२२ मध्ये कांचनगंगा चढून तिनं आठ हजार मीटरवरचं आपलं पाचवं शिखर गाठलं. आपल्या मराठवाड्यातून पोलीस दलातले शेख रफीक २०१६ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मनीषा वाघमारे २०१७ मध्ये शिखर अगदी जवळ आलेलं असताना हवामानामुळे माघारी फिरल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा जाऊन ते सर करून आल्या. त्याच मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची आदिवासी मुलंही एव्हरेस्टवर पोहोचली. यांच्या गावांतही काही बर्फ पडत नाही!

यादी आली, आता काय?

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एका मुलीला गेल्या वर्षी उत्तराखंडातल्या एका गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. वडील कापूस पिकवणारे. तिची आई सामानाची इंग्रजी यादी घेऊन माझ्याकडे आली. "बाई, एवढं वाचून सांगा. दुकानदार म्हणतो सगळं नवं घ्यावं लागंल. एवढ्या पैशात तर आमचं खत-बियाणं येतं."

घरच्यांनी आपल्या परीनं तयारी केलेलीच होती. चार सुती बनियन, दोन सुती ट्रॅकपँट, एक जीन्स, पायाला घट्ट बसणारे कातडी बूट आणि एक जाडजूड चादर. शिवाय वडील एका चकचकीत जाकिटासाठी उसनवारी करायला निघाले होते. पोरगी गारठू नये हीच सगळ्यांची इच्छा. पण गंमत अशी, की त्या ढिगातली जवळजवळ प्रत्येक वस्तू तिला गारठवणारीच होती!

दोन दुपारी आम्ही दोघी ती यादी घेऊन बसलो. जाणकारांना विचारलं, वाचलं, आणि सामानाचे तीन ढीग केले: संस्था देणार ते, उसनं किंवा भाड्यानं मिळेल ते, आणि विकतच घ्यायला हवं ते. तिसरा ढीग इतका लहान निघाला, की तिच्या आईचा जीव भांड्यात पडला. कशात काय टाकलं आणि का, ते सगळ्यांच्याच उपयोगी पडावं म्हणून इथे लिहिते आहे.

ऊब कापडात नसते

उंचीवर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे समुद्रकाठी ३० अंश असतील, तर ८,८४८ मीटरच्या एव्हरेस्टवर हिशेबानं उणे २७ येतात! वर वारा सुटला, की अंगाला त्याहूनही जास्त थंडी झोंबते. हवेचा दाब तिथे समुद्रकाठच्या एकतृतीयांशच असतो, त्यामुळे श्वासाला प्राणवायूही तेवढाच कमी. अशा वेळी शरीर काळीज आणि मेंदू सांभाळतं आणि हातापायांच्या बोटांचं रक्त आखडतं. बोटं आधी बधिर होतात, मग पांढरी पडतात, आणि हिमदंश खोलवर गेला तर कापावी लागतात. कपडे निवडताना चूक झाली तर किंमत ही अशी मोजावी लागते.

आता एक साधी गोष्ट बघा. नवी पिंजलेली गादी उबदार लागते आणि तीच दबून गोळे झाली की गार लागते. कापूस तेवढाच असतो, मग गेलं काय? गेली ती आत अडकलेली हवा. ऊब कापडात नसतेच. आपल्याच अंगाची उष्णता धरून ठेवते ती कापडातली हवा. हे एकदा ध्यानात आलं, की निम्मी यादी आपोआप कळते.

पण मग आपला कापूस का नको? कारण तो पाणी पितो. चढताना घाम येतोच. सुती बनियन तो पिऊन अंगाला चिकटतं, आतली हवा जाऊन तिथे पाणी येतं, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं अंगाची उष्णता ओढून नेतं. उन्हाळ्यात आपल्याला सुती कापड गार वाटतं ते ह्याच गुणामुळे. इथे जो गुण, तोच तिथे घात! जीन्स तर सर्वांत वाईट. ती भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही.

लोकरीचं तसं नाही. भर पावसात घोंगडी पांघरून मेंढ्यांमागे उभा राहणारा धनगर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. लोकर बरीच ओल पोटात घेऊनही उबदार राहते, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

कांद्याचे पापुद्रे

एकच जाडजूड कोट घेण्यापेक्षा एकावर एक तीन-चार पातळ थर घालावेत, म्हणजे प्रत्येक दोन थरांत हवा राहते. चढताना गरम झालं तर एक उतरवता येतो, थांबलं की पुन्हा चढवता येतो. ही युक्ती जुनीच आहे. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेले मॅलरी आणि आयर्विन रेशीम, सूत, लोकर असे थरच घालून गेले होते.

पहिला थर अंगालगतचा. तो बारीक मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा, अंगाबरोबर बसणारा, पण न आवळणारा. त्याचं काम घाम बाहेर ढकलणं. बाजारात 'थर्मल' म्हणून मिळतात त्यांतले पुष्कळसे सुतीच असतात! तेव्हा आतली चिठ्ठी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरा थर फ्लीसचा किंवा लोकरीच्या स्वेटरचा. घरचा हातविणीचा स्वेटर इथे बिनदिक्कत चालतो, फक्त त्यात खरी लोकर हवी आणि तो सैल हवा.

तिसरा थर पिसांचं जाकीट, ज्याला 'डाऊन जॅकेट' म्हणतात. डाऊन म्हणजे कडक दांडीची पिसं नव्हेत. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवर पिसांखाली जी मऊ लव असते ती. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी फुग्याच्या कापडात अशी लव भरून कोट शिवून घेतला, तेव्हा सोबतचे लोक हसले होते. थंडी पडल्यावर त्यांनाच त्या कोटाचा हेवा वाटला. जाकीट निवडताना ते मुठीत दाबून सोडा. चटकन फुगून आलं तर लव चांगली. टोचलं, दांड्या लागल्या, तर ठेवून द्या. मात्र लव भिजली की गोळा होते आणि ऊब जाते, म्हणून जाकीट सॅकमध्ये नेहमी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं.

चौथा थर वारा आणि बर्फ अडवणारा. हा सगळ्यांवरून घालायचा, म्हणून दुकानात जाताना आतले सगळे थर बरोबर न्या आणि त्यांच्यावरूनच घालून बघा. हात वर करा, खाली बसा. पाठ उघडी पडली, तर वारा तिथूनच शिरणार.

आठ हजार मीटरच्या शिखरांवर शेवटच्या चढाईला डोक्यापासून घोट्यापर्यंत एकसंध पिसांचा सूट घालतात. प्राथमिक अभ्यासक्रमाला तो अजिबात लागत नाही. चौदा-पंधरा हजार फुटांवर जाणाऱ्या मुलीला एव्हरेस्टचा सूट विकणारा दुकानदार भेटला, तर नमस्कार करून बाहेर पडावं.

बुटांत मुळीच काटकसर नको

पैसे कुठे घालायचे, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, पायांत. घट्ट बूट म्हणजे पक्का बूट ही आपली समजूत डोंगरात बोटं घेऊन बसते. आवळलेल्या बोटांत रक्त फिरत नाही, आणि रक्त नाही तिथे ऊब नाही. बूट संध्याकाळी घ्यायला जावं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. वर घालायचे तेच जाड मोजे घालूनच बूट चढवावा. आत बोटं मोकळी हलली पाहिजेत, टाच मात्र उचलली जाता कामा नये. जिन्यावरून दहा वेळा उतरून बघावं. अंगठा पुढे आपटला, तर पुढचा आकडा मागावा. आणि नवे बूट घालून कधीच निघू नये. महिनाभर घरी, शेतात, बाजारात वापरून ते पायाला वळवावेत.

उंच बर्फात लागणारे दुहेरी बूट वेगळे. बाहेर कडक कवच, आत सुटा मऊ बूट. त्यांच्या तळाला क्रॅम्पॉन, म्हणजे पोलादी काटे, बांधतात. काटे बुटाला नेमके बसतात की नाही हे दोन्ही वस्तू समोर ठेवूनच बघायचं असतं. सुटा झालेला काटा म्हणजे पाय घसरलाच. आतला बूट मात्र रात्री झोपायच्या थैलीत घ्यायचा. १९५३ साली शिखराच्या आदल्या रात्री हिलरींचे काढून ठेवलेले बूट लाकडासारखे गोठले आणि पहाटे स्टोव्हवर दोन तास शेकावे लागले. तेनसिंग मात्र बूट घालूनच झोपले होते!

मोज्यांच्या तीन जोड्या घ्याव्यात, त्यातली एक जोडी फक्त झोपण्यासाठी, कायम कोरडी. आपल्याकडे देवाचं सोवळं जसं वेगळं ठेवतात, तसं तिला कोणी हात लावायचा नाही.

हातमोज्यांना दोरी

१९५० साली अन्नपूर्णा शिखर पहिल्यांदा चढलेले फ्रेंच गिर्यारोहक मोरिस हर्झोग उतरताना सॅक उघडायला हातमोजे काढून बसले आणि मोजे उतारावरून घरंगळून गेले. सॅकमध्ये जादा पायमोजे होते, तेच हातांवर चढवता आले असते. पण उंचीवर डोकं चालेनासं होतं, ते सुचलंच नाही. हिमदंशानं त्यांची हातापायांची बोटं गेली.

ह्यावरचा उपाय आपल्या शिवणाच्या डब्यात आहे. तान्ह्या बाळाचे हातमोजे हरवू नयेत म्हणून आपण दोन्ही मोज्यांना एक दोरी शिवतो ना? तशीच दोरी इथे शिवायची. आत पातळ मोजे, त्यावर लोकरीचे, त्यावर पिशवीसारखे मोठे. पिशवीच्या मोज्यात बोटं एकमेकींना ऊब देतात, म्हणून ते पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा गरम. प्रत्येक झिपेला बोटभर लांबीची नाडी बांधून द्या, म्हणजे जाड मोजे न काढता ती ओढता येईल. सगळ्या सामानावर नाव शिवा. आमच्या ह्या मुलीच्या आईनं हे सगळं एका दुपारीत केलं. खर्च सुतळी नि नाडीचा!

डोळ्यांची हयगय नको. ताजा बर्फ उन्हातल्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परतवतो, आणि साध्या रंगीत चष्म्यानं भागत नाही. बाजूनं झाकलेला, अतिनील किरण पुरते अडवणारा चष्मा हवा, तोही जादा एक. नाहीतर काही तासांतच डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन काही दिसेनासं होतं. कान झाकणारी लोकरी टोपी, मानेभोवतीचा सैल पट्टा, ओठांचं मलम आणि उन्हाचं मलम हेही हवंच.

बायकांनी बायकांना सांगायचं

काही गोष्टी यादीत नसतात. त्या आईनं, नाहीतर बाईंनीच सांगायला हव्यात. आतले कपडेसुद्धा सुती नकोत. वर कितीही चांगले थर घातले आणि आत ओली सुती बॉडी असली, तर छाती गारच राहणार. खेळाडूंच्या मिळतात तशा, धातूची तार किंवा हूक नसलेल्या घ्याव्यात.

पाळीचं सामान तारीख नसली तरी न्यावंच, कारण उंचीवर पाळी मागेपुढे होते. वापरलेलं बर्फात टाकायचं नाही, घट्ट पिशवीत घालून खाली आणायचं. लघवीला जावं लागू नये म्हणून मुली पाणी पिणं टाळतात. ते तर सर्वांत धोक्याचं. पाणी कमी पडलं की उंचीचा त्रास वाढतो आणि हिमदंशालाही वाव मिळतो. उभ्यानं लघवी करता यावी म्हणून बायकांसाठी नरसाळं मिळतं. ते घ्यावं, आणि घरीच सवय करावी. यात लाजायचं काय?

आणि दागिने. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, जोडवी, सगळं उतरवून ठेवा. उंचीवर बोटं सुजतात. सुजलेल्या बोटाला अंगठी आवळते, रक्त अडतं आणि हिमदंश नेमका तिथे होतो. हे मी केवळ मुलींसाठी सांगत नाही. आपण विवाहित बायका केदारनाथला जातो, ते ३,५८३ मीटरवर आहे. अमरनाथ तर त्याहून उंच. जोडवी काढायची म्हटली की सासूबाई नाराज होतील, ठाऊक आहे मला. त्यांना सांगा, जोडवी पुन्हा घालता येतात, बोट पुन्हा घालता येत नाही!

विकत काय, भाड्यानं काय?

नेपाळ सरकारचा एव्हरेस्टचा नुसता परवानाच आधी ११ हजार डॉलर होता. सप्टेंबर २०२५ पासून तो वसंत ऋतूसाठी १५ हजार झाला. तो खर्च आपल्या हातात नाही. सामानाचा मात्र बराचसा आहे. माझं साधं सूत्र असं: जे कातडीला लागतं ते विकत घ्या. आतले कपडे, मोजे, चालायचे बूट, चष्मा, टोपी. जे वरून घालायचं किंवा हातात धरायचं, ते आधी मागून बघा. बर्फकुऱ्हाड, काटे, हार्नेस, झोपायची थैली, सॅक, बर्फातले बूट हे शिकणाऱ्यांना बहुधा संस्थाच देते. मोठ्या मोहिमेचं सामान काठमांडूत, मनालीत भाड्यानं मिळतं, गिर्यारोहण मंडळांकडूनही मिळू शकतं. दोर आणि हार्नेस मात्र जुने, उसवलेले, कोणी वापरलेले ठाऊक नसलेले कधीही घेऊ नयेत. त्यांच्यावर जीव टांगलेला असतो. आणि मोठ्या कंपनीचा शिक्का बघून भुलू नका. शिक्का नकली असतो, शिवण नकली नसते. कापड उलटं करून टाके बघा. ते आपल्याला कळतं की नाही?

पैसे नाहीत म्हणून अडून न बसलेल्या बायकांची उदाहरणं समोर आहेत. १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्ट चढणारी जगातली पहिली स्त्री, जपानच्या जुंको ताबेई, तेव्हा तीन वर्षांच्या मुलीची आई होती. त्यांच्या बायकांच्या मोहिमेला मदत मागायला गेलं, की "घरी बसून मुलं सांभाळा" असं ऐकावं लागे. त्यांनी पियानोच्या शिकवण्या घेतल्या, मोटारीच्या सीटच्या कव्हरांतून पिशव्या आणि वरचे हातमोजे शिवले, पिसं आणून झोपायच्या थैल्या घरीच भरल्या. आपल्या बचेंद्री पालनीही शिक्षणासाठी शिवणकाम केलं होतं. २३ मे १९८४ रोजी त्या एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली भारतीय स्त्री ठरल्या.

कपडे काय करू शकत नाहीत?

एक गोष्ट लपवून चालणार नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीजवळ द्रौपदी का दांडा शिखरावर हिमस्खलन झालं आणि शिकायला गेलेली दोन डझनांहून जास्त माणसं गेली. त्यांच्याजवळ साधनं होती, शिक्षक होते. हिमकडा कोसळला की जाकीट काही करू शकत नाही. म्हणून मुलीच्या सामानात एक शब्द जरूर घालून द्या: "परत फिरावं लागलं तर खुशाल फिर, पोरी. घरी कोणी हसणार नाही." मनीषा वाघमारे एकदा माघारी आल्या म्हणूनच दुसऱ्यांदा जाऊ शकल्या. पैसे फुकट गेले, लोक काय म्हणतील, ह्या ओझ्याखाली पोरं नको तिथे पुढे जातात. ते ओझं उतरवणं आईच्याच हातात असतं.

निघण्याआधी आठ दिवस सगळं सामान अंगणात मांडा, सॅक भरा आणि पाठीवर घेऊन गावाबाहेर चार किलोमीटर चालून यायला सांगा. बादलीतल्या गार पाण्यात हात बुडवून, पुसून, मोजे घालून गाठ मारायला आणि झीप ओढायला लावा. जे जमलं नाही ते तिथेच दुरुस्त होईल. वर गेल्यावर दुकान नाही, शिवणयंत्र नाही नि आईही नाही.

आमची मुलगी चार आठवड्यांनी परत आली. नाक काळंठिक्कर, ओठ फुटलेले, आणि हातापायांची वीसही बोटं शाबूत. आजीनं ती एकेक करून मोजून घेतली! वडिलांना उसनवारी करावी लागली नाही. सुती बनियनं घरीच राहिली होती. आल्याबरोबर तिनं त्यातलं एक काढून अंगात घातलं, कारण बोरीत ऊन तापायला लागलं होतं. आणि बोरीच्या उन्हात कापसासारखं दुसरं वस्त्र नाही, हे काही मी वेगळं सांगायला नको.